हद्दीची रेघ गटांवरून काढा : मराठवाड्यातल्या नगरपालिका आणि भूमी अभिलेखच्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या सगळ्या नगरपरिषदा-नगरपंचायतींचे मुख्याधिकारी आणि तालुक्यातालुक्यातले भूमी अभिलेखचे उपअधीक्षक

साहेब, मॅडम, नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावात राहते, सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, आणि एका खाजगी मोजणीवाल्याकडं कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं काम करते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आमच्या गावात जे झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गावात चालू असणार, आणि मला कुणा एका ऑफिसकडं बोट दाखवायचं नाही, मला हे काम नीट झालेलं बघायचंय.

विषय हद्दीचा आहे. पालिकेची हद्द नेमकी कुठून जाते, हा.

आमच्या मावशीनं वढ्याच्या पलीकडं दीड गुंठा जागा घेतली, बाँडवर, म्हणजे खरेदीखत न करता नुसतं स्टँपपेपरवर लिहून, जशी सगळ्यांनी घेतली तशी. पत्र्याचं घर टाकलं. घरपट्टी ग्रामपंचायतीत भरायची, नमुना ८ वर मावशीचं नाव लागलेलं होतं. मग एके दिवशी टॅब घेतलेली दोन पोरं आली, दारावर पालिकेचा नंबर चिकटवून गेली आणि काही महिन्यांनी पालिकेचं बिल आलं. मावशीनं तेही भरलं, कारण तिला वाटलं आता नळ येईल. नळ आला नाही, पाईपलाईन वढ्याच्या अलीकडंच थांबली. घरकुलाला अर्ज केला तर पालिकेत म्हणाले तुम्ही हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीत म्हणाले तुमच्या दारावर पालिकेचा नंबर आहे, तुम्ही शहरात. ग्रामीण घरकुलाला केंद्राच्या योजनेतून मूळचे १ लाख २० हजार मिळतात आणि शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख. मावशीला दोन्हीतलं काहीच मिळालं नाही. ती अजून पत्र्यातच राहते, उन्हाळ्यात आमच्याकडं येऊन झोपते.

म्हणून मी एका रविवारी बसले आणि म्हणलं आपण रोज दुसऱ्यांची वावरं काढून देतो, मावशीचं घर रेघेच्या कुठल्या अंगाला आहे एवढं तर आपल्याला काढता आलं पाहिजे. तेवढ्याला पुढचे सात-आठ रविवार गेले आणि त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगायचंय.

आधी पालिकेत जाऊन हद्दीचा नकाशा बघितला. भिंतीवर फ्रेममध्ये होता, जुनी ब्लूप्रिंट आणि तिच्यावर लाल स्केचपेननं ओढलेली रेघ. नकाशाचं प्रमाण १:१०,०००. आता ह्या प्रमाणात कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, आणि स्केचपेनची रेघ १ मिलिमीटरपेक्षा बारीक नसते. मावशीचं घर ३० फूट रुंद आहे, म्हणजे ९ मीटर. अख्खं घर शाईच्या खाली जातंय साहेब. ते आत का बाहेर हे त्या नकाशावरून जगातला कोणी सांगू शकत नाही, आणि तरी आजवर तिथं बोट ठेवून लोकांना आत-बाहेर सांगितलं जातंय.

खरी हद्द त्या रेघेत नाहीच. नगरपरिषद, नगरपंचायत होताना किंवा हद्दवाढ होताना १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली राजपत्रात अधिसूचना निघते आणि तिच्या अनुसूचीत गावांची नावं, गट नंबर आणि चतुःसीमा लिहिलेली असते. कायद्यानं हद्द म्हणजे ती यादी. आणि ती यादी म्हणजे जमिनीच्या तुकड्यांची नावंच की. मग हद्द काढायची तर तुकड्यांवरूनच काढायला पाहिजे, उलटं नाही.

जीआयएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशा आणि त्याची माहिती एकत्र ठेवायच्या पद्धतीत, हे काम समजायला सोपं आहे. गावचा गटनकाशा शेपफाईल नावाच्या नकाशाच्या फाईलमध्ये असतो, प्रत्येक गट एक बंद आकृती, आणि तिच्यामागं एक टेबल असतं त्यात गट नंबर, गाव, क्षेत्र. त्या टेबलात आणखी एक रकाना वाढवायचा, 'स्थानिक संस्था'. अनुसूचीत जो गट आहे त्याच्यापुढं पालिकेचा कोड टाकायचा, नसेल त्याच्यापुढं ग्रामपंचायतीचा, हे कोड केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक संस्थेला आधीच दिलेले आहेत. मग क्यूजीआयएस सारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डिझॉल्व्ह' नावाची कमांड चालवायची, एकाच कोडचे सगळे गट एकमेकात विरघळतात, मधले बांध पुसले जातात आणि बाहेरची कड तेवढी उरते. ती कड म्हणजे हद्द. उद्या हद्दवाढ झाली तर रेघ पुसून नवी ओढायची गरज नाही, जेवढे गट आले तेवढ्यांचा कोड बदलायचा आणि परत कमांड चालवायची, पाच मिनिटाचं काम.

मी हे केलं. आणि पहिल्यांदा जो नकाशा आला तो चाळणीसारखा होता.

कारण रस्त्याला गट नंबर नसतो, वढ्याला नसतो, शिवरस्ता, पाणंद, नदी कशालाच नसतो. गट तेवढे जोडले तर मधला प्रत्येक रस्ता भोक म्हणून उरतो. नांदेडसारख्या शहरात, जिथं गोदावरीच्या दोन्ही अंगाला शहर आहे, तिथं नुसते नंबरवाले गट जोडले तर एका महापालिकेचे दोन वेगळे तुकडे दिसतील आणि मधून नदी. आतली भोकं बुजवता येतात, त्याच्यात काही अवघड नाही. अवघड आहे ते कडेचं. हद्द वढ्यानं जात असेल तर ती वढ्याच्या अलीकडच्या काठानं, पलीकडच्या काठानं का मधोमध? आमच्या अनुसूचीत पूर्वेला एवढंच लिहिलंय, 'नाला'. आणि वढा काय एका जागी बसून राहत नाही. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात किती वावरं खरडून गेली, बांध गेले, धुरे गेले, कुठं पाण्यानं नवीनच वाट पाडली. जी हद्द नुसत्या 'नाला' शब्दावर उभी आहे ती त्या पाण्याबरोबर सरकली का जुन्याच जागी आहे? माझं म्हणणं, ती जुन्या मोजणीच्याच जागी धरावी, आणि तिचे कोपरे अक्षांश-रेखांशात लिहून ठेवावेत म्हणजे पुढच्या पुरानंतर कोणाला विचारत बसायला नको.

दुसरी भानगड शिवेवरची. प्रत्येक गावचा नकाशा वेगळा मोजला, वेगळ्या कागदावर काढला आणि कॉम्प्युटरवर घेतानाही वेगवेगळा घेतला. दोन गावांची शिव जमिनीवर एकच असते, नकाशात त्या दोन होतात. शेजारी शेजारी ठेवले की कुठं मधे फट पडते, कुठं एक गाव दुसऱ्याच्या अंगावर चढतं. ह्या फटीतली जमीन नकाशानुसार कुणाचीच नाही आणि चढलेल्या पट्ट्यातली दोघांची. नगरपंचायती तर एका गावावर थांबत नाहीत, शेजारच्या दोन-तीन गावांचे गट घेऊनच वाढतात, म्हणजे हा शिवेचा घोळ थेट शहराच्या मधोमध येऊन बसतो. सॉफ्टवेअरला सांगितलं की ते फट बुजवून टाकतं, पण कोणाच्या बाजूनं बुजवली हे बघणारं माणूस पाहिजे, साहेब. तिथं कमांडवर सोडून चालत नाही. तिहद्दीचा, म्हणजे तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला, दगड सापडला तर तोच खरा. आमच्या इथं एक दगड बाभळीच्या झाडाखाली अर्धा गाडलेला निघाला, तो एका आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीवरच्या, म्हाताऱ्या बाबांनी दाखवला, लहानपणी त्यांचे वडील बैलं तिथंच सोडायचे म्हणे. रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून नेमकी जागा टिपणारं यंत्र, लावून त्याचा पॉईंट घेतला तेव्हा कुठं तीन गावांचे नकाशे एका जागी आले. असे दगड दाखवणारी माणसं आता थोडी राहिलीत, तुमचे भूकरमापक त्यांच्याकडं ह्याच वर्षी गेले पाहिजेत.

आपल्या मराठवाड्याचं आणखी एक वेगळं आहे, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगितलं तर पटकन लक्षात येत नाही. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. जुने कागद उर्दूत, खासरा म्हणजे शेतांची नोंद, मुन्तखब म्हणजे इनामाच्या चौकशीचा निकाल, इनामाची प्रकरणं. माझ्या हातात जो जुना नकाशा आला त्याच्यावरच्या नोंदी उर्दूत होत्या, मला एक अक्षर येत नाही, मग आमच्या गल्लीतल्या नव्वदीतल्या चाचांकडं घेऊन गेले. त्यांनी भिंग लावून वाचलं आणि कळलं की ज्याला आम्ही सगळे गायरान समजत होतो तो एका बेचिराख गावाचा भाग आहे. बेचिराख म्हणजे जिथं वस्ती राहिली नाही पण महसुली गाव म्हणून नाव अजून चालू आहे. आता त्या बेचिराख गावावर आमच्या शहराच्या दोन कॉलन्या उभ्या आहेत, आणि ऑनलाईन भूनकाशात गाव निवडताना ते नाव वेगळं येतं, म्हणून शहराचे गट शोधणाऱ्याला ते गट सापडतच नाहीत. पालिकेनं नेमलेल्या एजन्सीला हे कोण सांगणार? तिची पोरं दुसऱ्या जिल्ह्यातून येतात, ड्रोनचा फोटो बघतात, जिथपर्यंत पत्रे आणि स्लॅब दिसतात तिथपर्यंत शहर धरतात. ड्रोनला छप्पर दिसतं, हद्द दिसत नाही. मावशीच्या दारावरचा नंबर असाच आला.

मोजमापाचं पण सांगते, कारण ही चूक मी स्वतः केलीय. एका गटाचं क्षेत्र सातबाऱ्यावर १ हेक्टर ६२ आर, म्हणजे आपल्या भाषेत ४ एकर. माझ्या नकाशात ते १ हेक्टर ८१ आर निघालं. मला वाटलं अतिक्रमण आहे, मालकाला तसं बोलून पण दाखवलं, त्याच्या पोटात गोळाच आला. नंतर कळलं की मी गुगलच्या नकाशाचं प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत, तसंच ठेवलं होतं आणि त्याच्यावर सपाट क्षेत्र मोजलं होतं. ते प्रोजेक्शन विषुववृत्तापासून जसजसं वर जाल तसं जमीन फुगवून दाखवतं, आपल्या १९ अंशावर क्षेत्र जवळजवळ १२ टक्के जास्त येतं, म्हणजे ४ एकराचं वावर साडेचार एकर दिसतं. त्या मालकाकडं जाऊन मी माफी मागितली. मराठवाड्यासाठी यूटीएम नावाच्या प्रोजेक्शनचा झोन ४३ लावायचा, सॉफ्टवेअरमधला त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३, म्हणजे मोजमाप जागेवर येतं. फक्त किनवटवाल्यांनी लक्ष ठेवा, झोन ४३ हा ७८ रेखांशाला संपतो आणि किनवट त्याच्या पूर्वेला आहे, तिथं झोन ४४. एजन्सीनं काम आणून दिलं की सगळ्यात आधी हे तपासा, आणि दहा-वीस गटांचं क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून बघा. फरक आला म्हणजे लगेच शेतकरी चोर ठरत नाही, आधी नकाशा तपासायचा.

गुंठेवारीचं, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं पाडून विकलेल्या प्लॉटचं, तर विचारूच नका. गटनकाशात एक गट म्हणजे एक आकृती, आणि जागेवर त्याच्यात चाळीस-पन्नास घरं, तीन बोळ, एक मंदिर, एक किराणा दुकान. सातबाऱ्यावर मूळ मालकाचंच नाव किंवा सामाईकात लोकांची ही लांबलचक रांग. असे प्लॉट नियमित करायला २००१ चा गुंठेवारी कायदा आला, २०२१ ला मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्याच्यात घेतली, तरी ज्यांनी अर्ज केला नाही, ज्यांना पैसे भरणं झालं नाही त्यांचे प्लॉट कुठल्याच सरकारी नकाशात उमटलेले नाहीत. स्वामित्व योजनेचे ड्रोन २०२० पासून गावठाणं मोजतायत, आणि शहरांसाठी केंद्राचा 'नक्शा' कार्यक्रम फेब्रुवारी २०२५ ला देशातल्या १५२ शहरात सुरू झाला, दोन्ही चांगली कामं आहेत, मी त्यांच्या विरोधात अजिबात नाही. पण गावठाणाच्या बाहेर आणि शहराच्या हद्दीपाशी जे प्लॉटिंग झालंय ते दोन्हीच्या मधे राहतं, आणि गरीब माणूस घर बांधतो ते नेमकं तिथंच, कारण जागा तिथंच परवडते. भू-आधारचा, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला मिळणारा, १४ अंकी नंबर पण गटाच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशावरून तयार होतो, कोपराच चुकलेला असेल तर ती चूक घेऊनच नंबर कायमचा बसेल.

आता मावशीच्या गटाचं. एवढं सगळं करून, फटी बुजवून, दगड शोधून, मी तिच्या गटापर्यंत आले. अनुसूची उघडली, बोट ठेवत खाली आले, तिचा गट नंबर सापडला आणि माझ्या जिवात जीव आला, आणि मग त्याच्यापुढचा शब्द वाचला. 'पैकी'.

गट क्रमांक अमुक पैकी. बस्. पैकी किती, पैकी कुठला, उत्तरेचा का दक्षिणेचा, वढ्याच्या अलीकडचा का पलीकडचा, काहीच नाही. आमच्या एका गावच्या अनुसूचीत असे अकरा 'पैकी' आहेत. जेव्हा ही अधिसूचना तयार झाली तेव्हा कुणाला तरी माहीत असणार की कुठला भाग, सोबत नकाशा जोडलेला असणार, प्रस्तावाच्या फाईलमध्ये मोजणीची प्रत असणार, गटाची फाळणी म्हणजे पोटहिस्से झाले असतील तर त्याचा मोजणीचा कागद, फाळणी बारा, असणार. ती फाईल आज कुठल्या कपाटात आहे हे मला दोन्ही ऑफिसात कुणी सांगू शकलं नाही. तुमच्यातल्या खालच्या लोकांवर माझा राग नाही, ते पण बदलीवर आलेले, त्यांना ती फाईल कुणी सोपवलीच नाही. पण अकरा गटातली घरं धरली तर शेकड्यानं माणसं एका शब्दात अडकलीत, कुणी दोन्हीकडं घरपट्टी भरतंय, कुणाचं नाव दोन्ही मतदार यादीत आहे, कुणाचं एकाही नाही, हे आम्ही डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषदेच्या मतदानाला आमच्याच बोळात बघितलं. मावशी मतदान करायला ग्रामपंचायतीच्या शाळेचं केंद्र शोधत होती आणि समोरच्या घरातली वहिनी पालिकेच्या केंद्रावर गेली होती, दोघींच्या दारात बारा फुटाचं अंतर.

म्हणून माझी मागणी अशी आहे. जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्यात, आता २०२७ ची गणना होईपर्यंत हद्द कुणाला हलवता येणार नाही. म्हणजे मोजायला ह्याच्यासारखा चांगला वेळ नाही, कारण आपण मोजत असताना ती पळणार नाही. प्रत्येक पालिकेनं आपल्या स्थापनेपासूनच्या सगळ्या अधिसूचना आणि त्यांच्या अनुसूच्या एका जागी काढाव्यात. भूमी अभिलेखनं त्या गावांचे गटनकाशे शेपफाईलमध्ये पालिकेला द्यावेत, पीडीएफ नको, पीडीएफवर काम होत नाही. दोघांनी एका टेबलावर बसून प्रत्येक गटापुढं संस्थेचा कोड भरावा. आणि जिथं 'पैकी' आहे, जिथं 'नाला' आहे, जिथं दोन गावांची शिव जुळत नाही, त्या जागा लपवू नका, तुमच्या सोयीनं बुजवून पण टाकू नका, त्यांची वेगळी यादी करा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवा. नकाशा कायद्याच्या वर नाही हे मला कळतं, शेवटी अधिसूचनाच खरी. पण अधिसूचना कुठं मुकी आहे हे नकाशाच दाखवून देतो, आणि ते दिसल्याशिवाय दुरुस्तीचा प्रस्ताव जाणार तरी कसा.

मग जी हद्द निघेल ती फाईल म्हणून लोकांना खुली करा. वेबसाईटवर जेपीजी टाकून भागणार नाही, फाईल द्या, म्हणजे मोबाईलवर उघडून आपण कुठं उभे आहोत हे बाईमाणसाला, शेतकऱ्याला, प्लॉट घेणाऱ्याला इसार द्यायच्या आधी कळेल. प्लॉटवाला एजंट सांगतो ताई हे पालिकेत येतं, लोक त्याच्यावर दहा-दहा वर्षांची कमाई लावतात. त्यांना एजंटचा शब्द सोडून दुसरं काहीतरी बघायला मिळालं पाहिजे.

आणि हे काम बाहेरच्या एजन्सीलाच दिलं पाहिजे असं काही नाही. आयटीआयची, पॉलिटेक्निकची पोरंपोरी प्रत्येक तालुक्यात बसून आहेत, क्यूजीआयएसला पैसे लागत नाहीत, महिन्याभरात शिकता येतं. त्यांना गावची माणसं माहीत आहेत, दगड कुठंय ते विचारायला कुणाच्या आखाड्यावर जायचं हे माहीत आहे.

मी माझ्या गावचं जेवढं झालं तेवढं काम पेनड्राईव्हवर ठेवलंय. सगळे गट, दुरुस्त केलेली शिव, तिहद्दीच्या दगडाचा पॉईंट, चाचांनी वाचून दिलेल्या उर्दू नोंदी मराठीत, आणि त्या अकरा 'पैकी' ची यादी, प्रत्येकात जागेवर किती घरं आहेत ते मोजून. पैसे नकोत. फक्त ज्या साहेबांच्या ऑफिसात ती जुनी प्रस्तावाची फाईल असेल त्यांनी एकदा ती टेबलावर काढावी आणि मला समोर बसू द्यावं. रविवार सोडून कुठल्या पण दिवशी दुपारी मी येऊ शकते, मावशीला सोबत आणीन, तिच्याकडं दोन्ही ऑफिसच्या घरपट्टीच्या पावत्या आहेत, पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या.

आपली,
तालुक्याच्या गावात नकाशे काढणारी एक मुलगी